सामना-कवी घडीपत्रिका संच : घ्यावा, पण निवडून वाचावा

बडोद्यातल्या एका छोट्या मराठी वाचनगटाने फुटबॉल विश्वचषकातल्या जुन्या सामन्यांसाठी घडीपत्रिकांचा संच काढला आहे. पत्रिका 12, किंमत 240 रुपये. दांडिया बाजारात मिळतो. प्रत्येक पत्रिकेत एक सामना, खेळणाऱ्या दोन देशांचे दोन कवी, दोघांची एकेक कविता मराठीत, आणि ती कधी वाचायची याचं वेळापत्रक. रेकॉर्डिंग लावायचं, चारचौघांनी मिळून बघायचं आणि मध्यंतरात कविता मोठ्याने वाचायच्या. कल्पना फार चांगली आहे. मात्र जिथे कविता सामना बघून निवडली तिथेच ती रंगते. कवीचं नुसतं नाव बघून निवडली तिथे फसते.

आधी वेळेचं गणित. आजच्या नियमाने मध्यंतर 15 मिनिटांचं. पहिली तीन-चार मिनिटं पाणी, चहा, चिवड्याच्या वाट्या यांत जातात, शेवटच्या दोनेक मिनिटांत लोकांचं लक्ष परत पडद्याकडे लागतं. हाती उरतात जेमतेम नऊ मिनिटं. वीस-पंचवीस ओळींची कविता नीट वाचायला दोन मिनिटं लागतात, कवीची ओळख एक मिनिट, आणि वाचून झाल्यावर थोडी शांतता हवीच. म्हणजे दोन कविता बसतात, तिसरी कोंबली की दुसरा हाफ सुरू होतो. बऱ्याच रेकॉर्डिंगमध्ये मध्यंतर कापलेलं असतं. शिट्टी वाजली की पॉझ करा आणि मोबाइलवर गजर लावा. ही सूचना पत्रिकेत नाही, ती पहिल्या पानावर हवी होती.

संचातली सर्वांत सुंदर जोडी 1978 च्या इराण-स्कॉटलंड सामन्याची. बरोबरी 1-1, आणि विश्वचषकातला इराणचा हा पहिला गुण. स्कॉटलंडकडून रॉबर्ट बर्न्स, इराणकडून उमर खय्याम, तोही माधव जूलियनांच्या मराठीत. जूलियनांचा जन्म बडोद्याचा, फारसीचा व्यासंग मोठा, त्यामुळे रुबाया थेट मूळ भाषेतून आलेल्या. शिवाय रुबाई चार ओळींची. खेळाडू जखमी होऊन खेळ थांबला तरी एक वाचून होते, मध्यंतराची वाट बघावी लागत नाही. पत्रिकेत पाच रुबाया सुट्या चौकटींत छापल्या आहेत, हे फार विचारपूर्वक केलं आहे. मध्यंतराला इराण स्वतःच्याच जाळ्यात मारलेल्या गोलमुळे एका गोलने मागे असतो. म्हणून बर्न्स आधी आणि खय्याम नंतर, हा पत्रिकेतला क्रम अजिबात बदलू नका.

1970 ची अंतिम फेरी, ब्राझील 4 इटली 1, हीही उत्तम उतरली आहे. इटलीचा कवी उंबेर्तो साबा. त्याने 1930 च्या दशकात फुटबॉलवर पाच कविता लिहिल्या, त्यांतली ‘गोल’ इथे आहे. गोल खाऊन जमिनीत तोंड लपवलेला गोलकीपर, त्याला उठवणारा सहकारी, बेभान प्रेक्षक; आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, आनंदात सामील व्हायला आसुसलेला पण जागा सोडू न शकणारा जिंकणाऱ्यांचा गोलकीपर. पत्रिका ही कविता मध्यंतरात वाचायला सांगते, तेव्हा धावफलक 1-1 असतो. ती ठेवावी 86 व्या मिनिटासाठी. कार्लोस आल्बेर्तोचा चौथा गोल झाला की पॉझ करा आणि वाचा. मध्यंतराला ब्राझीलच्या द्रुमोंदची वाटेतल्या दगडाची कविता एकटी पुरते. वाट अडवलेली असताना ती नेमकी लागू पडते. याच स्पर्धेवरून कवी-दिग्दर्शक पाझोलिनीने 1971 मध्ये ब्राझीलच्या खेळाला पद्य आणि इटलीच्या खेळाला गद्य म्हटलं होतं. ते पत्रिकेतल्या टिपणात यायला हवं होतं.

1978 च्या अर्जेंटिना-हंगेरी पत्रिकेत बोर्हेस आणि योझेफ आत्तिला. बोर्हेसला फुटबॉलचा तिटकारा होता, हे टिपण सांगतं. पण आत्तिलाचा जन्म बुडापेस्टच्या फेरेन्त्सवारोश वस्तीतला, आणि याच सामन्यात शेवटी बाहेर काढलेला हंगेरीचा खेळाडू निलाशी त्याच वस्तीच्या क्लबचा, हा धागा सुटला. हंगेरीत आडनाव (इथे योझेफ) आधी येतं. आत पान उलटल्यावर तोच कवी ‘आत्तिला योझेफ’ होतो, त्यामुळे ऐकणाऱ्यांचा गोंधळ उडतो.

फसलेली जोडी 1962 च्या चिली-इटलीची. दोन इटालियन मैदानाबाहेर, पोलीस मैदानात, असला हाणामारीचा सामना. आणि त्यावर चिलीच्या नेरुदाची सर्वांना पाठ असलेली प्रेमकविता! नेरुदाकडे संतापाच्या कविता काय कमी आहेत? 1982 च्या पश्चिम जर्मनी-ऑस्ट्रिया सामन्यात कवी रिल्के जर्मनीकडे टाकला आहे. तो प्रागचा, जन्मला तेव्हा ते ऑस्ट्रिया-हंगेरीत. जर्मन भाषेत लिहिलं एवढ्याने तो जर्मन संघाचा होत नाही. त्याला ऑस्ट्रियाकडे घ्या. दहाव्या मिनिटानंतर दोन्ही संघ चेंडू नुसता फिरवत बसतात, तेव्हा त्याची चेंडूवरची कविता खेळ चालू असतानाही वाचता येते.

छपाईत सुधारणा हवी. कागद गुळगुळीत आर्टपेपर, टीव्हीचा उजेड त्यावर चमकतो. अक्षर बारीक, मंद दिव्यात आजी-आजोबांना वाचवत नाही. साधा, न चमकणारा मॅपलिथो कागद आणि 14 पॉइंट अक्षर पुरे. तीन घड्यांमुळे बोर्हेसची कविता ऐन मधे तुटते आणि वाचणारा पान शोधत राहतो. एका कवितेला एक पान, हा नियम पाळावा.

आणखी एक, परवानगीचा उल्लेख कुठेच नाही. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतात. साबा, रिल्के, आत्तिला आता मोकळे आहेत. नेरुदा, बोर्हेस, द्रुमोंद नाहीत. दुसऱ्या आवृत्तीआधी ही परवानगी घ्यायलाच हवी. तोवर घेणाऱ्यांनी इराण-स्कॉटलंडपासून सुरुवात करावी आणि चिली-इटलीची पत्रिका बाजूला ठेवावी.