सॅमसन क्यू२यू मायक्रोफोन: यंत्रमागांच्या शेजारी नऊ महिने

बेळगावच्या वडगाव भागात आमच्या घराच्या दोन्ही बाजूंना यंत्रमाग चालतात आणि शहापूर-वडगावच्या जुन्या विणकरांच्या मुलाखतींचा पॉडकास्ट मी याच घरात ध्वनिमुद्रित करतो. आधीच्या कंडेन्सर, म्हणजे बारीकसारीक आवाजही टिपणाऱ्या, मायक्रोफोनमध्ये मागाची खटखट इतकी येत असे, की दोन मुलाखती मला टाकून द्याव्या लागल्या.

क्यू२यू हा डायनॅमिक, म्हणजे तुलनेने कमी संवेदनशील, मायक्रोफोन आहे. तो समोरचा आवाज घेतो, पाठीमागचा बराचसा सोडतो. म्हणून त्याची पाठ मागाच्या भिंतीकडे ठेवून चार बोटांच्या अंतरावरून बोलल्यास आवाज भरीव येतो आणि खटखट दूर गेल्यासारखी वाटते. मात्र फरशीतून चढणारी धडधड टेबलावाटे स्टँडमध्ये शिरते, हे समजायला मला दोन महिने लागले. आता स्टँडखाली चौपदरी घडी केलेली वाकळ असते आणि ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ८० हर्ट्झच्या खालचा खोल, घुमणारा आवाज हाय-पास फिल्टरने काढतो. या दोन उपायांनी जे साधले, ते ऑडॅसिटीतल्याच नॉइज रिडक्शन या नको असलेला आवाज कमी करण्याच्या सोयीने साधले नव्हते, कारण ती सोय पंख्यासारख्या एकसारख्या आवाजावर चालते. ठोक्याठोक्याने येणाऱ्या आवाजावर तिचा जोर वाढवला, तर माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा ऐकू येतो.

दोघांच्या मुलाखतीसाठी घेणाऱ्यांनी एक गोष्ट आधी जाणून घ्यावी. या मायक्रोफोनला यूएसबी (थेट संगणकाला जोडण्याची) आणि एक्सएलआर (ध्वनियंत्रणेची तीन पिनांची) अशा दोन्ही जोडण्या आहेत, पण ऑडॅसिटी एका वेळी एकाच उपकरणातून ध्वनिमुद्रण करते, त्यामुळे दोन यूएसबी मायक्रोफोन लावून सरळ काम होत नाही. मी दोन एक्सएलआर वाहिन्यांचा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे दोन्ही मायक्रोफोन एकच उपकरण म्हणून संगणकाला जोडणारी पेटी, घेतला. खर्च वाढला, परंतु पाहुणे खोकले किंवा दोघे एकदम बोलले, तरी प्रत्येकाचा ट्रॅक वेगळा राहतो, आणि सत्तरी ओलांडलेल्या माणसाचे बोलणे पुन्हा घेता येत नसल्याने मला ते फार मोलाचे वाटते.

शेवटी आवाजाची पातळी -१६ एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचे एकक) आणतो. ॲपल पॉडकास्टची शिफारस तीच आहे. ऑडॅसिटीतील मूळ आकडा -२३ असतो, तो न बदलल्यास भाग फार हळू ऐकू येतो.

प्रसिद्धीसाठी पैसे खर्च केले नाहीत. शहराचे नाव २०१४ मध्ये अधिकृतपणे बेळगावी झाले असले, तरी शोधणारे दोन्ही नावांनी शोधतात, म्हणून वर्णनात दोन्ही लिहितो. खरे श्रोते मिळाले ते व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या मिनिटभराच्या तुकड्यांमुळे. पाहुण्यांच्या नातवंडांनीच ते पुढे पाठवले.

अलीकडे मुलाखत संपली, की हाच मायक्रोफोन मागापासून तीन हातांवर धरून मिनिटभर नुसती खटखट टिपतो. प्रत्येक भागाची सुरुवात आता तिनेच होते.