तीन रंगीत काचा आणि एक काळी : सात महिन्यांनी

दिवाळीत कॅमेऱ्याच्या लेन्सवर चढवायचे लाल, हिरवा, निळा असे तीन फिल्टर आणि दहा स्टॉपचा एक एनडी, म्हणजे प्रकाश कमी करणारी काळी काच, घेतला (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). आता पावसाळा तोंडावर आलाय. पुढचे काही महिने हे सगळं कपाटातच राहणार, म्हणून आत्ताच लिहून टाकतो.

करायचं काय, तर ट्रायपॉड न हलवता तीन फोटो काढायचे, प्रत्येक वेगळ्या काचेतून, आणि घरी ते लाल, हिरव्या, निळ्या चॅनेलमध्ये, म्हणजे रंगीत फोटो ज्या तीन थरांचा बनतो त्यांत, एकावर एक बसवायचे. हललं नाही ते नेहमीच्या रंगात दिसतं, हललं ते रंगीबेरंगी. युक्ती जुनी आहे. मॅक्सवेल या भौतिकशास्त्रज्ञाने 1861 मध्ये अशाच तीन काचांमधून रंगीत चित्र दाखवलं होतं. पुढे प्रोकुदिन-गोर्स्की या रशियन फोटोग्राफरने रशियाभर याच पद्धतीने फोटो काढले, आणि त्याच्या नद्यांच्या पाण्यावर इंद्रधनुषी लहरी उमटल्या. त्याला तो दोष वाटत असेल. आपण त्याच दोषासाठी पैसे मोजतो.

सुरुवातीला नाटकाच्या दिव्यांना लावतात तो जिलेटिन पेपर कापून पाहिला. चुण्या पडतात आणि फोटो धूसर येतो. काचच घ्या.

पहिला खरा प्रयोग हरिहरेश्वरला, ओहोटीच्या वेळी प्रदक्षिणेच्या वाटेवरच्या खडकांवर. मी उत्साहाने रंगीत काचेवर एनडीही चढवला आणि एकेक एक्स्पोजर तीस-तीस सेकंदांचं दिलं. घरी जोडून पाहतो तर पाणी नुसतं पांढरं धुकं! कारण साधं होतं. तीस सेकंदांत कितीतरी लाटा येऊन जातात, तिन्ही फोटोंत फेस सारखाच पसरतो आणि रंग एकमेकांना खाऊन टाकतात. दुसऱ्या दिवशी एनडी काढला आणि अर्ध्या सेकंदावर आलो. मग लाल फोटोतला फेस लाल, निळ्यातला निळा, आणि मागचा खडक जसाच्या तसा काळपट. लांब एक्स्पोजर आणि रंगीत काचा यांचं लाटांवर तरी जमत नाही, हे कळायला माझी एक अख्खी सुट्टी गेली. तेवढ्यात एक काका शेजारी येऊन, "मासा लागला का?" विचारून गेले. तेच गडद शर्टातले काका दूर वाळूवरून चालत गेले तेव्हा लाल काच लावलेली होती. उजळ वाळूवर ते फोटोत मोरपंखी भुतासारखे उमटलेत.

एनडीचा उपयोग ढगांना. दहा स्टॉप म्हणजे 1024 पट, त्यामुळे 1/30 सेकंदाचं एक्स्पोजर साधारण 34 सेकंदांवर जातं. सिंहगडावरून संथ ढग घेतले, दोन फोटोंमध्ये मिनिटभर थांबून. रंगांचे पट्टे सुरेख आले. पण मध्येच सूर्य झाकला गेला तर अख्खं चित्र एका रंगाकडे झुकतं. असे चार संच टाकून द्यावे लागले.

तक्रारी. एनडी फोटोला तपकिरी झाक देतो, आणि विकणाऱ्याने बदलून दिला नाही. खाऱ्या हवेने हिरव्या फिल्टरची कडी अडकली. रबरबँड गुंडाळून पिळली तेव्हा कुठे सुटली. काच बदलताना लेन्सला धक्का लागतोच. वाळूत ट्रायपॉडचा एक पाय केसभर खचला तरी खडकाच्या कडेला लाल रेघ येते. फोकस आधी करून मॅन्युअलवर टाका, व्हाइट बॅलन्स (रंगछटेचं सेटिंग) बांधून ठेवा, फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, काढा. माझ्या निळ्या काचेला लालपेक्षा एक स्टॉप जास्त लागतो. जोडायला गिंप हे फोटो-संपादनाचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पुरतं.

पुन्हा घेतले तर तिन्ही रंग हेच घेईन. एनडी मात्र सहा स्टॉपचा.