लेव्हलिंग किटच्या नावाखाली जुनेच शॉकअप : पिकअपवाल्यांनी हे वाचा

लेव्हलिंग किट, म्हणजे पिकअपची पुढची बाजू उचलून मागच्या बरोबरीला आणणारे पार्ट, या नावाखाली माझ्या धाकट्या भावाला सोलापुरातल्या एका ॲक्सेसरीजच्या दुकानात ४६ हजारांना फसवलं. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण जिल्हा ग्राहक आयोगात नेतोय. पण फसवलं कसं, ते बारकाईनं लिहितो. पैसे तर गेलेच, शिवाय त्या गाडीत माझा भाऊ आणि ड्रायव्हर रात्री-अपरात्री हायवेला असतात. मला राग आहे तो त्याचा.

आमची गाडी डबल कॅबची फोर बाय फोर पिकअप. पुढे डबल विशबोन (चाक धरणारे वर-खाली दोन दांडे) आणि कॉइल स्प्रिंग, मागे पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग. अक्कलकोट रोड एमआयडीसीतून टॉवेल-चादरींच्या गाठी भरून ती विजापूरला जाते, अधूनमधून हैदराबादला. अशी कुठलीही पिकअप रिकामी बघितली तर पुढून खाली आणि मागून वर दिसते. कंपनी ती मुद्दाम तशी ठेवते. हौद्यात माल पडला की पाटे दबतात आणि गाडी सरळ होते. रिकामी असतानाच सरळ करून घेतली, तर भरल्यावर तिचं नाक आभाळाकडे जाणार, हे उघड आहे. पण रस्त्यावर उभी असताना ती ठेवण डोळ्याला खुपते, आणि दुकानदार नेमकं तिथेच बोट ठेवतात.

भावाला दुकानदारानं सांगितलं, "मालक, बाहेरून आलेलं किट आहे. दोन नवीन स्प्रिंग, दोन नवीन शॉकअप, दोन इंच उचलून देतो. कारसारखी पळंल. आरटीओला बी चालतं." संध्याकाळी गाडी मिळाली तेव्हा पुढून खरोखरच उंच झाली होती, शॉकअप पिवळेधमक चमकत होते. बिलाच्या जागी एक साधा कागद, त्यावर 'लेव्हलिंग किट फिटिंगसह' एवढीच ओळ आणि रक्कम. जीएसटी नंबर नाही, पार्टचा नंबर नाही. जुने पार्ट मागितले तर म्हणे भंगारवाला घेऊन गेला.

त्यानंतर गाडीचं चालणंच बदललं. होटगी रोडच्या स्पीडब्रेकरवरून उतरताना पुढून 'खट्ट' असा लोखंडी आवाज यायचा. खड्ड्यात चाक गेलं की दणका थेट स्टिअरिंगच्या दांड्यात. विजापूरच्या रस्त्यावर वेग घेतला की स्टिअरिंग हलकं पडून गाडी लेन सोडायची, आणि वळणानंतर स्टिअरिंग आपसूक सरळ व्हायचं ते बंद झालं. माल भरलेला असताना समोरचे गाडीवाले सारखे डिपर मारायचे, कारण आमचे हेडलाइट त्यांच्या डोळ्यांत जात होते. भावानं दुकानात फोन केला तर उत्तर मिळालं, "नवीन स्प्रिंग आहेत, बसायला वेळ लागतो." हे उत्तर लक्षात ठेवा. ग्राहकाला झुलवत ठेवायला ते फार उपयोगी पडतं.

मी गाडी आमच्या ओळखीच्या जुन्या मिस्त्रीचाचांकडे नेली. त्यांनी चेसिसखाली जॅक लावून पुढची दोन्ही चाकं अधांतरी केली आणि मला म्हणाले, "बघा, चाक खाली किती लोंबतंय." जेमतेम बोटभर. चांगल्या गाडीचं चाक जॅकवर घेतलं की बरंच खाली उतरतं. खड्डा आला की चाकानं खाली जाऊन रस्ता धरायचा असतो, त्यासाठी शॉकअपमध्ये तेवढी जागा राखलेली असते. आमची ती जागाच संपली होती. मग त्यांनी शॉकअप उतरवून स्प्रिंग सोडवली. स्प्रिंगच्या डोक्यावर ॲल्युमिनियमची जाड चकती, म्हणजे स्पेसर. स्प्रिंग आमचीच, कंपनीची. शॉकअपही आमचेच, पिवळा रंग रॉकेलच्या फडक्यानं पुसला तर खाली कंपनीचा काळा रंग आणि छापलेला पार्ट नंबर जसाच्या तसा. ४६ हजारांत मिळाल्या दोन चकत्या आणि एक स्प्रे.

चाचांनी जे समजावलं ते प्रत्येक पिकअपवाल्याला माहीत हवं. अशी चकती घातल्यानं स्प्रिंग कडक होत नाही, गाडीचं वजनही तेवढंच राहतं. होतं एवढंच, की शॉकअप उभ्या गाडीतच जवळजवळ पूर्ण ताणलेला असतो. चाक जरा खाली गेलं की तो आतून टोकाला आपटतो. 'खट्ट' आवाज त्याचाच, दणकाही त्याचाच. दुसरा प्रकार म्हणजे शॉकअपच्या वरच्या माउंटिंगवर बसवलेला स्पेसर. त्यात राइड एवढी बिघडत नाही, पण चाक आणखी खाली लोंबून बॉल जॉइंट, म्हणजे चाक आणि दांड्यांमधले सांधे, वाकड्या कोनात काम करतात. दोन्ही प्रकारांत फोर बाय फोर गाडीच्या पुढच्या ॲक्सलचा कोन वाढतो आणि त्याच्या जॉइंटवरचं रबरी कव्हर, म्हणजे बूट, लवकर फाटू शकतो. बूट फाटला की ग्रीस बाहेर, धूळ आत, आणि जॉइंट गेला.

पुढची उंची बदलली की चाकांचे कोनही बदलतात. कॅस्टर, म्हणजे चाक ज्या धुरीवर वळतं तिचा मागे झुकलेला कोन, कमी होतो म्हणून स्टिअरिंग हलकं पडतं आणि परत येत नाही. कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, बाहेरच्या बाजूला झुकतो, टो, म्हणजे दोन्ही चाकांची समोरची दिशा, बिघडतो, टायर कडेनं खाल्ले जातात. म्हणून उचलल्यावर अलाइनमेंट, म्हणजे हे कोन मशीनवर पुन्हा जुळवणं, करावीच लागते. दुकानानं तीही 'करून' दिली होती आणि मशीनची प्रिंटही दिली होती. ती प्रिंट मी नीट वाचली. वर गाडीचं मॉडेल एका छोट्या हॅचबॅकचं होतं. कुणा दुसऱ्याचा कागद आमच्या हातात दिला होता! शॉकअपचा रंग एक वेळ पैशांचा लोभ म्हणून समजू शकतो. पण ज्या गाडीचं स्टिअरिंग आपण बिघडवलं, तिला खोटी अलाइनमेंट प्रिंट देऊन हायवेवर सोडणं मला आजही सहन होत नाही.

पुढून उचलणं मुळातच वाईट आहे असं मी म्हणत नाही. योग्य लांबीची स्प्रिंग, तिला जुळणारा शॉकअप, उंची थोडकीच आणि नंतर खरी अलाइनमेंट, असं काम झालं तर गाडी नीट चालते. पण रोज माल वाहणाऱ्या गाडीला ते कशाला हवं, हे मला पटत नाही. करायचंच असेल तर फिटिंगच्या वेळी समोर उभे राहा आणि जुने पार्ट ताब्यात घ्या. नव्या पार्टचे नंबर जीएसटी बिलावर लिहून घ्या. उंची मोजताना जमिनीपासून मोजू नका, टायरच्या हवेनं फरक पडतो. चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत टेप लावा, आधी आणि नंतर. अलाइनमेंटच्या प्रिंटवर आपला गाडी नंबर, मॉडेल आणि दुरुस्तीच्या आधीचे-नंतरचे दोन्ही आकडे बघा. आणि शेवटी गाडी जॅकवर घेऊन चाक किती लोंबतं ते स्वतः बघा. उंची दोन चकत्यांनीही मिळते, त्यामुळे नुसती उंची बघून पैसे देऊ नका.

'आरटीओला चालतं' यावरही विश्वास ठेवू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ बनावटीतल्या बदलांवर बंधन घालतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या बदलासाठी कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. 

आम्ही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. दुकानदारानं निम्मे पैसे परत देऊ असा निरोप पाठवला, तो आम्ही घेतला नाही. जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, वकील सक्तीचा नाही, आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. स्पेसर काढून चाचांनी गाडी मूळ उंचीवर आणून दिली, दुसरीकडे अलाइनमेंटही करून घेतली. आता 'खट्ट' आवाज नाही. उजवीकडचा टायर मात्र बाहेरच्या कडेनं गेलाय, त्याची किंमतही अर्जात मागितली आहे.