तिनं आमची कागदपत्रं तपासली, आम्ही तिची नाही

२०२५च्या ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी दुपारी चारच्या सुमारास आम्ही सहा जण इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात, टॉटनेसजवळच्या एका खेड्यात, परक्या माणसाच्या फाटकाशी उभे होतो. रेडिंगहून सकाळी साडेनऊला निघालेलो. सुट्ट्यांची गर्दी, एम फाइव्ह महामार्गावर मुंगीच्या पावलानं सरकणाऱ्या गाड्या, गॉर्डानोच्या थांब्यावर धपाटे आणि दही. सासू-सासरे पहिल्यांदाच इंग्लंडला आलेले. धाकटी सात वर्षांची. तिच्या मांडीवर स्वतः विणलेला लोकरीचा पट्टा, मॉली नावाच्या कुत्रीसाठी.

घर फोटोतल्यासारखंच होतं. पांढऱ्या भिंती, निळं दार, दाराशी फुललेलं हायड्रेंजिया. फक्त दाराशेजारी जी किल्लीची पेटी असायला हवी होती, ती नव्हती. मी फोन लावला, लागला नाही. तेवढ्यात दार उघडून एक आजोबा बाहेर आले आणि त्यांनी विचारलं, "कुणाला शोधताय?" मी म्हटलं, "आम्ही मॉलीला सांभाळायला आलोय." त्यांना काही कळेना. त्यांच्याकडे कुत्रं नव्हतं, कोंबड्या नव्हत्या, आणि ते कुठे जाणारही नव्हते.

इथे राहणाऱ्या आपल्या लोकांना ही पद्धत आता बऱ्यापैकी माहीत झाली आहे, म्हणूनच सगळं लिहिते आहे. घरमालक सुट्टीवर जातात. कुत्र्या-मांजराला केनेलमध्ये, म्हणजे पैसे घेऊन जनावरं ठेवणाऱ्यांकडे, टाकायचं त्यांच्या जिवावर येतं. मग एखादं कुटुंब त्यांच्या घरी येऊन राहतं, जनावराला फिरवतं, खायला घालतं, झाडांना पाणी देतं. पैसे कुणीच कुणाला देत नाही. याला हाउस सिटिंग म्हणतात, आणि वार्षिक वर्गणी भरून सभासद व्हायची संकेतस्थळं त्यासाठी आहेत. पद्धत खोटी नाही. आमच्याच गावातली एक ओळखीची बाई गेली आठ वर्षं असंच राहून इंग्लंड-स्कॉटलंड हिंडली आहे. आमचं जे झालं त्यात तिच्या पद्धतीचा दोष नाही, हे आधीच सांगते.

मुलंबाळं असलेल्यांना याची ओढ का वाटते तेही सांगते. शाळा चालू असताना पोरांना विनापरवानगी नेलं तर दंड होतो: दर मुलामागे दर पालकाला ८० पौंड, एकवीस दिवसांत भरला नाही तर १६०. आम्हा दोघांचा दोन मुलांचा हिशेब ३२० वर जातो. म्हणून सगळे एकाच वेळी, ऑगस्टमध्ये निघतात आणि भाडी आभाळाला टेकतात. सहा जण मावतील असं घर आम्हाला आठवड्याला दीड हजार पौंडांच्या खाली दिसेना. शिवाय आमची जागा भाड्याची, करारात प्राणी पाळायला मनाई. धाकटीला कुत्र्याचं वेड. वाईला आजीकडे गेली की ती दिवसभर मोत्याच्या गळ्यात पडलेली असते. एक आठवडा का होईना, तिला कुत्रं मिळेल, आणि आई-बाबांना समुद्र दिसेल, एवढंच डोक्यात होतं.

संकेतस्थळावर दोन महिने अर्ज केले. सहा माणसं, त्यात दोन लहान मुलं म्हटलं की घरमालक नकोच म्हणायचे. मग फेसबुकवरच्या एका गटात ती जाहिरात दिसली. तांबूस रंगाची स्पॅनियल, डाव्या कानाला जुनी चीर, तीन कोंबड्या, मोठं घर, आणि शेवटी एक वाक्य: मुलं असलेलं कुटुंब असेल तर आनंदच, मॉलीला मुलं फार आवडतात. मी त्याच मिनिटाला लिहिलं.

पुढचे दहा दिवस ती बाई आमची परीक्षा घेत होती. तुम्ही कोण, नोकरी कुठे, आधीच्या घरमालकाचं शिफारसपत्र आहे का. मोठ्यांच्या पासपोर्टच्या प्रती. आमच्या ई-व्हिसाचा शेअर कोड, म्हणजे आपला व्हिसा दुसऱ्याला ऑनलाइन बघू देणारा क्रमांक. पोलिसांकडे नोंद नसल्याचा दाखला, म्हणजे बेसिक डीबीएस. मी सगळं पाठवत गेले. दोघांचे डीबीएस काढायला प्रत्येकी साडेएकवीस पौंड भरले, तेही आनंदानं. सासू-सासऱ्यांच्या पासपोर्टचे फोटो त्यांना न विचारता पाठवले, पहिलं पानही आणि शेवटचंही. आपल्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आईवडिलांचं, नवरा-बायकोचं नाव आणि घरचा पत्ता असतो. ते पान पाठवलं याचं वाईट मला पैशांपेक्षा जास्त वाटतं.

आपण या देशात आल्यापासून कागदच दाखवत आलेलो असतो. व्हिसाला कागद, घर भाड्यानं घ्यायला कागद, मुलाच्या शाळेला पत्त्याचा पुरावा. कुणी कागद मागितले की आपण सावरून बसतो आणि मागतील त्यापेक्षा एक जास्तच देतो. परक्याच्या घरात आपण राहायला जाणार, तर संशय आपल्यावरच असणार, हे मनानं मान्य केलेलं असतं. त्या बाईनं नेमकं तेच पकडलं. परीक्षेला बसलेल्याच्या मनात समोरचा परीक्षकच खोटा असेल असं येत नाही. मी रोज रात्री नवऱ्याला विचारायचे, "आपण पास होऊ ना?"

सासरे तलाठी होते, आयुष्य सातबाऱ्यात गेलं. त्यांनी एकदा चहा पिताना विचारलं होतं, "घर त्या बाईच्या नावावर आहे का, बघितलंस?" मी म्हटलं, "बाबा, इथे असं कुणी विचारत नाही." इथे ते सहज बघता येतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. इंग्लंड-वेल्समध्ये लँड रजिस्ट्रीच्या सरकारी संकेतस्थळावर सात पौंड भरले की नोंदणी झालेल्या कुठल्याही घराच्या मालकाचं नाव कुणालाही मिळतं. (सरकारीच बघा. तसंच दिसणारी, जास्त पैसे घेणारी खासगी संकेतस्थळं शोधात वर येतात.)

पैसे तिनं घाईनं मागितले नाहीत. आधी कळवलं की आमची निवड झाली. धाकटीनं त्या रात्री पट्टा विणायला घेतला. दुसऱ्या दिवशी निरोप आला: मॉलीसाठी ४५० पौंड अनामत ठेवावी लागेल, परत आलो की त्याच दिवशी मिळेल. आणि पुढे लिहिलं होतं की खातं नवऱ्याच्या व्यवसायाचं आहे, बँक नाव जुळत नाही असं म्हणेल, काळजी करू नका. बँकेनं तसंच म्हटलं. मी "पुढे चला" दाबलं. इशारा यायच्या आधीच कुणी तो इशारा समजावून सांगत असेल तर थांबा, त्याच जागी थांबा. त्यानंतर चार दिवसांनी मुलांच्या विम्याचे २८० पौंड मागितले, या वेळी युरोपातल्या एका खात्यात. नवरा म्हणाला, "विमा कशाला लागतो?" मी म्हटलं, "एवढं झालंय तर आता नको मोडायला." ते माझे शब्द आहेत.

व्हिडिओ कॉलचं मी दोनदा विचारलं होतं. खेड्यात नेट येत नाही म्हणाली. डेव्हनच्या आतल्या भागात खरंच येत नाही, म्हणून पटलं. पण आता कळतं की खऱ्या घरमालकाला आपल्याहून जास्त धास्ती असते. आपल्या कुत्र्याला तो न पाहिलेल्या माणसाच्या हाती देत नाही. फोन करेल, आधी भेटायला बोलावेल, आदल्या रात्री येऊन राहा म्हणेल, म्हणजे कुत्र्याला तुमची सवय होईल. आमच्या गावातल्या त्या ओळखीच्या बाईंनी मला नंतर त्यांच्याकडची एक वही दाखवली, एका घरमालकिणीनं लिहून ठेवलेली. किती वाट्या खाणं, कुठल्या शेजाऱ्याच्या मांजरावर भुंकतो, फटाक्यांना घाबरतो, कचऱ्याचा डबा कुठल्या वारी बाहेर ठेवायचा, पाण्याचा मुख्य नळ कुठे आहे, जनावरांचा डॉक्टर कोण, आणि आपल्या पश्चात उपचार करायला त्या डॉक्टरला दिलेलं संमतिपत्र. बावीस पानं, त्यातली सोळा कुत्र्याबद्दल. आमच्या बाईनं दहा दिवसांत आमच्याबद्दल सगळं विचारलं. मॉली काय खाते ते एकदाही सांगितलं नाही. तुम्ही कधी कुत्रं सांभाळलंय का, हेसुद्धा विचारलं नाही.

त्या ओळखीच्या बाईंनीच अजून दोन गोष्टी सांगितल्या. इथे कुत्र्याला मायक्रोचिप कायद्यानं सक्तीची आहे, २०१६पासून. तिचा क्रमांक विचारला तर खरा मालक देतो किंवा का देत नाही ते सांगतो. आणि १ ऑक्टोबर २०२४पासून बर्ड फ्लूमुळे एक कोंबडी पाळणाऱ्यालाही सरकारदरबारी नोंद करावी लागते. तीन कोंबड्यांच्या खऱ्या मालकाला हे विचारलं असतं तर तो दहा मिनिटं बोलत बसला असता.

फाटकापाशी त्या आजी-आजोबांनी आम्हाला हाकललं नाही. बागेत खुर्च्या टाकल्या, चहा दिला. आईंना इंग्रजी येत नाही, पण त्या आजींचा हात धरून बसल्या. ती दोघंही घाबरलेली होती. त्यांनी ते घर आदल्या वर्षी विकत घेतलं होतं आणि विक्रीच्या जाहिरातीतले फोटो नेटवर तसेच पडून होते, स्वयंपाकघर, झोपायची खोली, सगळं. तेच उचलले होते. तुम्ही घर घेतलं असेल तर एजंटला सांगून ते फोटो आधी काढून टाका. आजोबांनी स्वतःहून १०१ला फोन लावून पोलिसांना कळवलं. धाकटी रडली नाही. तिनं विचारलं, "मॉली मेली का?" मला उत्तर देता आलं नाही. एक्सेटरला एका हॉटेलात दोन खोल्या मिळाल्या, एक रात्र राहिलो आणि परतलो.

पैशांचं पुढे काय झालं ते नीट सांगते, कारण पुष्कळ जण लाजेपोटी बँकेला कळवतच नाहीत. त्याच संध्याकाळी १५९ लावला, त्या क्रमांकावरून तुमच्या बँकेच्या फसवणूक विभागाशी जोडून देतात. ७ ऑक्टोबर २०२४पासून नियम असा आहे की फसवून स्वतःच्या हातानं पाठवायला लावलेले पैसे बँकेनं परत द्यायचे, देशातल्या देशात झालेल्या व्यवहारांसाठी, कमाल ८५,००० पौंडांपर्यंत. त्यातले १०० पौंडांपर्यंत बँक कापून घेऊ शकते. पाच कामकाजाच्या दिवसांत निर्णय द्यायचा, माहिती मागवायची असेल तर जास्तीत जास्त पस्तीस. पैसे गेल्यापासून तेरा महिन्यांच्या आत तक्रार करायची. नाव जुळत नसताना पैसे का पाठवले, हे मला तीनदा विचारलं. मी तिचे निरोप जसेच्या तसे दिले. ४५० पैकी ३५० परत आले. २८० देशाबाहेर गेलेले, त्यांना हा नियम लागू नाही. ते गेले. तिनं दुसरं खातं युरोपातलं का दिलं असेल, हे मला तेव्हा उमगलं. फसवणुकीच्या तक्रारी घेणाऱ्या ॲक्शन फ्रॉडकडे तक्रार नोंदवली (आता तिथे रिपोर्ट फ्रॉड आहे) आणि आमच्या नावावर कुणी कर्ज काढू नये म्हणून सीफास या फसवणूक रोखणाऱ्या संस्थेकडे संरक्षणाची नोंद केली. बाबांच्या आणि आईंच्या पासपोर्टचं काय होईल, ही काळजी मात्र अजून आहे.

भारतातून पर्यटक व्हिसावर येऊन असं राहता येईल का, असं दोन मैत्रिणींनी विचारलं. जपून. राहायच्या बदल्यात केलेली सेवा सीमेवरचा अधिकारी काम समजू शकतो. २०२२मध्ये कॅनडात मांजरं सांभाळायला निघालेल्या एका ऑस्ट्रेलियन बाईला लॉस एंजेलिसच्या विमानतळावरून परत पाठवलं होतं. ती तिथे फक्त विमान बदलणार होती.

घरी आल्यावर बाबांना लँड रजिस्ट्रीचं पान काढून दाखवलं. सात पौंड भरले, आजोबांचं नाव समोर आलं. बाबांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "हे आधी बघायला हवं होतं." त्यानंतर तो विषय त्यांनी कधीच काढला नाही.

हे आज लिहायचं कारण असं की परवा एका दुसऱ्या गटात मला तीच कुत्री दिसली. तांबूस स्पॅनियल, डाव्या कानाला चीर. आता तिचं नाव रूबी आहे, घर नॉरफकमध्ये आहे, आणि मुलं असलेलं कुटुंब असेल तर आनंदच. मी गटाच्या चालकांना कळवलं, जाहिरात संध्याकाळपर्यंत निघाली. खाली तोपर्यंत अकरा जणांनी "आम्हाला आवडेल" असं लिहिलं होतं. त्यातली दोन आडनावं मराठी होती. त्यांना निरोप पाठवला आहे, अजून उत्तर नाही.