लेसवाला अँकल ब्रेस, पाय मुरगळलेल्यांसाठी रिव्ह्यू

घोट्याच्या बाहेरच्या बाजूचं लिगामेंट ताणलं होतं, सूज उतरल्यावर फिजिओ म्हणाले आता चालायला लागा पण सपोर्ट लावून, म्हणून हा लेस आणि पट्टेवाला ब्रेस घेतला. आधी ते मोज्यासारखं चढवायचं इलॅस्टिकचं अँकलेट वापरत होते, दाबून धरल्यासारखं बरं वाटतं पण पाय वाकडा पडायचा तो पडतोच. याचे दोन पट्टे घोट्याभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारखे फिरतात, त्यामुळे पाऊल आत वळायला गेलं की तिथेच अडतं, वर-खाली मात्र हलतं, म्हणून चाल लंगडी होत नाही.

घालताना घाई नको. टाच पूर्ण मागे टेकवून, पाऊल काटकोनात ठेवून लेस खालून वर आवळत यायचं आणि मग पट्टे. आतली जीभ जरा दुमडली तरी वळ उठतो, आत लांब मोजा हवाच. बोटं बधिर किंवा गार वाटली तर लगेच सैल करा. वेल्क्रोला मोज्याचे धागे चिकटून पकड ढिली पडते, ते उपटत बसणं म्हणजे वैताग नुसता. नेहमीच्या बुटात मावत नव्हता, इनसोल काढला तेव्हा कुठे बसला.

पण ब्रेस लावला की पाय एकदम भरवशाचा वाटतो आणि माणूस गरजेपेक्षा जास्तच चालत सुटतो! हा फक्त मुरगळणं अडवतो, अंगाचा भार पायावर पडायचा तेवढा पडतोच. म्हणून किती चालायचं ते मी दुसऱ्या दिवशी सकाळी ठरवते, दुखणं १० पैकी ३ च्या आत राहिलं आणि सकाळी वाढलेलं नसलं तर थोडं अंतर वाढवायचं, वाढलं असेल तर परत आधीच्या अंतरावर. अंतर आणि वेग एकदम वाढवायचे नाहीत, उतार आणि खडबडीत रस्ता सगळ्यात शेवटी. पाय कुरकुरला की त्या दिवशी जागेवरची सायकल, दमही लागतो आणि घोट्यालाही आराम.

एका पायावर उभं राहणं, टाचा उचलणं हे व्यायाम मला ब्रेस काढून करायला सांगितलेत, दात घासताना बेसिन धरून उरकते.

सकाळचं पहिलं पाऊल टाकताना टाचेखाली कळ येते तसलं दुखणं असेल तर हा घेऊ नका, त्याचं हे औषध नाही. आणि मुरगळल्यावर चार पावलंही टाकता येत नसतील तर आधी डॉक्टर आणि एक्स-रे, खरेदी नंतर.

५ पैकी ४ स्टार, एक वेल्क्रोचा कापला.