मागच्या सीटवरचे श्वान-कॅरियर : खानदेशच्या उन्हात आणि रस्त्यांवर

फैजपूरहून जळगावच्या पशुवैद्यकाकडे कुत्रा न्यायचा तर ज्यांच्याकडे चारचाकी नाही त्यांच्यापुढे मोटारसायकलवाचून फारसा मार्ग उरत नाही. रेल्वेत त्यासाठी प्रथम वर्गाचा कूपे किंवा गार्डचा डबा लागतो, आणि भुसावळ-जळगावसारख्या पंचवीसेक किलोमीटरसाठी तो खटाटोप कोणी करत नाही. आमची इंडियन स्पिट्झ जातीची कुत्री साधारण सहा किलोंची आहे. तिच्यासाठी गेल्या हिवाळ्यात आम्ही मागच्या सीटवर बांधायचे जाळीदार कापडी कॅरियर घेतले. याच घडणीचा माल ऑनलाइन निरनिराळ्या नावांनी विकला जातो, म्हणून येथे कंपनीचे नाव न देता घडणीविषयीच लिहितो.

घेण्यापूर्वी टॉप बॉक्स (सीटच्या मागे बसवायची पेटी) आणि पाठीवरची पिशवी या दोन्हींचा विचार केला होता. टॉप बॉक्सच्या प्लेटवर जी वजनमर्यादा छापलेली असते ती बहुधा दहा किलोंच्या आतली असते आणि पेटीचे स्वतःचे वजन त्यातच धरायचे असते. शिवाय तो भार मागच्या चाकाच्या आसाच्याही मागे आणि उंचावर येत असल्यामुळे कुत्रा आत नुसता वळला तरी हँडल हलके झाल्याचे जाणवते. पाठीवरच्या पिशवीत वजन चालकाच्या अंगावर राहते, हे वळणावर बरे वाटते. पण चालक पाठीवर पडला तर खाली कोण सापडेल, हे विक्रेत्यांच्या छायाचित्रांत दिसत नाही. मागच्या सीटवर भार दोन चाकांच्या मध्ये राहतो, आणि मला हाच मुद्दा निर्णायक वाटला.

‘अपघात-चाचणी झालेले’ या शिक्क्याला भुलू नये. अमेरिकेतील ‘सेंटर फॉर पेट सेफ्टी’ ही संस्था प्रमाणपत्रे देते ती मोटारगाडीत वापरायच्या हार्नेस (कुत्र्याच्या छातीभोवती बांधायचे पट्टे), पिंजरे आणि कॅरियर यांना. दुचाकी पडण्याशी त्या चाचणीचा संबंध नाही. दुचाकीवर सुरक्षितता ठरते ती दोन जोडांवर : कॅरियर गाडीला कसे बांधले आहे आणि कुत्रा कॅरियरला कसा बांधला आहे. आमच्या कॅरियरचे चार रुंद पट्टे सीटखालून जाऊन गाडीच्या चौकटीला आणि ग्रॅब रेलला (मागे बसणाऱ्याने धरायच्या दांड्याला) आवळले जातात, आणि ही व्यवस्था उत्तम आहे. सोबत दिलेल्या बंजी दोऱ्या मात्र आम्ही पहिल्याच दिवशी बाजूला ठेवल्या, कारण ताणणारी दोरी खड्ड्यात ढिली पडते. आतला छोटा पट्टा तळाच्या कडीला शिवलेला आहे, भिंतीच्या कापडाला नाही; खरेदी करताना नेमके हेच उलटून पाहावे. तो पट्टा छातीच्या हार्नेसलाच अडकवायचा, गळपट्ट्याला कधीही नाही, कारण करकचून ब्रेक लागला की सगळा झटका मानेवर येतो. लांबी इतकीच ठेवावी की कुत्र्याला बसता, लोळता, वळता येईल, पण कडेवरून उडी मारता येणार नाही.

कुत्रा बसवण्यापूर्वी त्याच्या वजनाइतकी ज्वारी पिशवीत भरून, ती आत बांधून गावाबाहेरच्या खराब रस्त्याने एक फेरी मारावी आणि परतल्यावर प्रत्येक बकल तपासावे. आमच्याकडे डावा मागचा पट्टा सरकला होता. जास्तीचे टोक उलट दुमडून शिवल्यानंतर तो सरकला नाही. तेच लोंबते टोक मागच्या चाकात किंवा साखळीत जाऊ शकते, हेही तेव्हाच ध्यानात आले. सायलेन्सरच्या बाजूचे कापड मात्र तापते. तेथे कंपनीने उष्णतारोधक थर द्यायला हवा होता. आम्ही जाड कातड्याचा तुकडा लावून घेतला.

खरी उणीव रंगाची आहे. काळे कापड खानदेशात विकावे, हे धाडसच म्हणायचे. कुत्रा मुख्यतः धापा टाकून अंगातील उष्णता बाहेर काढतो. कोंदट जागेत त्याच्याच श्वासाने हवा दमट होते आणि मग धापा टाकूनही उपयोग होत नाही. गाडी धावत असते तोवर जाळीतून वारा लागतो, पण रेल्वे फाटकावर किंवा केळीच्या ट्रकांमागे अडकून पडलो की आतली हवा लगेच तापते. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, आणि तशा दुपारी कोणतेही कॅरियर सुरक्षित नाही. आम्ही वर पांढरे सुती कापड बांधतो आणि उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत पोहोचतो. पगसारख्या चपट्या नाकाच्या जातींसाठी तेवढ्यानेही भागणार नाही. प्राण्याला विनाकारण यातना होतील अशा रीतीने वाहनातून नेणे हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार गुन्हा आहे. अपुऱ्या जागेत कोंडणेही त्याच कलमात येते.

माप घेताना नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंतची लांबी धरावी, नुसत्या वजनावर जाऊ नये. सात-आठ किलोंपर्यंतच्या शांत कुत्र्यासाठी हे कॅरियर मी निःसंकोच सुचवेन. पंधरा-वीस किलोंच्या गावठी कुत्र्यासाठी याचेच मोठे माप विकतात, पण ते घेऊ नये : तेवढे हलते वजन साध्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीला कमी वेगात सांभाळत नाही, आणि त्यापेक्षा ओळखीच्या रिक्षावाल्याला अर्ध्या दिवसाचे भाडे दिलेले परवडते.