रोममधला पहिला दिवस: कोलोसियम की व्हॅटिकन?

रोमला निघालेल्या जोडप्यात एकाला आधी कोलोसियम, म्हणजे ते प्राचीन रोमन प्रेक्षागृह, हवं असतं, दुसऱ्याला पोपचं व्हॅटिकन. आमच्याकडेही तसंच होतं. नवऱ्याचा जीव जुन्या दगडांत, माझा चित्रांत. चार दिवसांच्या मुक्कामात दोन्ही आरामात होतं. प्रश्न एवढाच, की भारतातून जाऊन पोचल्यावर पहिल्या दिवशी अंगात काय झेपतं.

म्हणून आधी घड्याळ बघा. रोम उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं, हिवाळ्यात साडेचार. पहाटे चारला टक्क जाग येते आणि संध्याकाळी आठ वाजले की डोळे मिटायला लागतात. सकाळ भरपूर मिळते, रात्र जवळजवळ मिळतच नाही.

व्हॅटिकनची संग्रहालयं या अवस्थेत जड जातात, असं माझं स्पष्ट मत आहे. दालनांमागून दालनं आहेत, बहुतेक वेळ गर्दीच्या चालीने चालावं लागतं आणि ज्यासाठी आलो ते सिस्टीन चॅपेल अगदी शेवटाकडे येतं. मायकेलअँजेलोने 1508 ते 1512 या काळात रंगवलेलं ते छत मान वर करून, मन लावून पाहायचं असतं. फोटो काढायला बंदी आहे, त्यामुळे पाहिलं तेवढंच आपलं. तिथे पोचेपर्यंत पाय आणि डोकं दोन्ही थकलेलं असलं, तर मोठी हळहळ लागते. शिवाय सेंट पीटर्स बॅसिलिका, तिथलं मोठं चर्च, राहतेच. प्रवेश फुकट, पण तपासणीची रांग वेगळी. घुमटावर जायचं तर 551 पायऱ्या, आणि लिफ्ट घेतली तरी 320 उरतात. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत; सलवार-कुर्ता असेल तर ती चिंता नाही.

कोलोसियमकडे सगळं मोकळ्यावर. एकाच तिकिटात कोलोसियम, रोमन फोरम (प्राचीन रोमचा मुख्य चौक) आणि पॅलॅटाइन टेकडी येते. ठरलेली वेळ पाळावी लागते ती कोलोसियमची. बाकी दोन ठिकाणी दमलात तर दगडावर टेका, कुणी पुढे ढकलत नाही. तिकिटावर नाव असतं, तेव्हा पासपोर्ट जवळ ठेवा.

रोमन बादशहा वेस्पाशियनने सुरू केलेलं कोलोसियमचं बांधकाम त्याचा मुलगा टायटस याने इ. स. 80 मध्ये खुलं केलं. आत शिरल्यावर छाती दडपते हे खरं, पण मला जास्त भावला फोरम. कित्येकजण तिथून ‘नुसते पडके खांब’ म्हणत घाईने निघतात. गड-किल्ले हिंडलेल्या माणसाचं तसं होणार नाही. रायगडावरच्या बाजारपेठेत जोत्यांवरून दुकानांच्या ओळी आपण डोळ्यांसमोर उभ्या करतोच ना? तीच नजर इथे लावायची. नवरा एकेका जोत्यापाशी थांबत होता आणि मला पहिल्यांदाच त्या थांबण्याचा कंटाळा आला नाही.

सावली मात्र फार कमी आणि फरसबंदी खडबडीत. टोपी आणि जाड तळव्याचे बूट हवेत. पाण्याची बाटली रिकामी नेली तरी चालते. ‘नासोनी’ म्हणतात ते सार्वजनिक नळ शहरभर वाहत असतात आणि पाणी पिण्याचं असतं.

तेव्हा पहिला दिवस कोलोसियमचा, तोही सकाळच्या पहिल्या वेळेचं तिकीट काढून. त्याआधी जाग आलेलीच असते, तर सहाला ट्रेव्ही कारंज्यापाशी जा. दिवसा जिथे कठड्याला हात लागत नाही, तिथे त्या वेळी फार थोडी माणसं असतात आणि पाण्याचा आवाज नीट ऐकू येतो. मग बारमध्ये, म्हणजे तिथल्या कॉफीच्या दुकानात, उभ्यानेच कॉफी घ्या (बसून घेतलीत तर बऱ्याच ठिकाणी जास्त पैसे पडतात) आणि चालत निघा. कोलोसियम वीस-पंचवीस मिनिटांवर आहे. दुपारी खोलीवर येऊन झोपा, पण गजर लावून.

हे गणित एका बाबतीत उलटतं. मुक्काम शनिवार-रविवारचाच असेल, तर शनिवारी व्हॅटिकनच करा. ती संग्रहालयं रविवारी बंद असतात. महिन्याच्या शेवटच्या रविवारी फुकट उघडतात, पण फक्त अर्धा दिवस आणि प्रचंड गर्दीत. बुधवारी सकाळी पोपच्या जाहीर भेटीमुळे बॅसिलिकाचं वेळापत्रक बदलतं, तेही लक्षात ठेवा.

संध्याकाळी जाग असेल तेवढा वेळ पँथिऑन हे प्राचीन रोमन देऊळ आणि पियाझा नव्होना यांना द्या. पँथिऑनच्या घुमटाचा व्यास आणि जमिनीपासूनची उंची सारखीच, सुमारे 43 मीटर, आणि मधल्या उघड्या वर्तुळातून आभाळ दिसतं. नव्होनाच्या चौकात शिल्पकार बर्निनीचं 1651 सालचं चार नद्यांचं कारंजं आहे: नाईल, डॅन्यूब, ला प्लाटा आणि आपली गंगा. हातात लांब वल्हं घेतलेला, दाढीवाला पुरुष दिसेल, तीच गंगा. आपल्याला ती माय, म्हणून शोधायला जरा वेळ लागतो.